लायलॅकला फुलं का येत नाहीत? पुण्यात लावावा का?

प्रश्न (कोथरूड):
मुलीच्या कॅनडातल्या ओटावा शहरातल्या अंगणात लायलॅक आहे, म्हणजे थंड प्रदेशातलं सुवासिक फुलांचं झुडूप. लावून ६ वर्षं झाली, पानांनी गच्च, पण फूल एकही नाही. दर मार्चला ती छाटणी करते. लॉनचं खत त्यालाही पोचतं. त्याचं रोप आणून इथे गच्चीवर कुंडीत लावलं तर चालेल का?

उत्तर १:
मार्चची छाटणीच नडतेय. लायलॅक जुन्या काडीवर, म्हणजे गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर फुलतो. मे-जूनमध्ये बहर संपला की उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीचे डोळे (फुलांचे कोंब) भरतात, तेही फांदीच्या टोकाला जोडीनं. नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिल छाटणीनंतर काडीत घड ठरतो, तसंच हे. मार्चमध्ये टोकं कापली की बहरच कापला गेला. आत्ता टोक नीट बघायला सांगा: गोल, फुगीर डोळा फुलाचा, बारीक आणि टोकदार असेल तो पानाचा. छाटायचंच असेल तर फुलं सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांत. झुडूप जुनं, दाट झालं असेल तर दरवर्षी सर्वांत जाड खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापायची, टोकांना हात लावायचा नाही.

उत्तर २:
खताचंही खरं आहे. लॉनच्या खतात नत्र जास्त, म्हणून नुसता पाला. ते मुळांपासून लांब ठेवा, वर्षाला थोडं कंपोस्ट पुरतं. रोज किमान ६ तास थेट ऊन हवं. सावलीत फूल कमी, शिवाय भुरी (पानांवर पांढरी बुरशी). मातीचा सामू (pH) साधारण ६.५ ते ७, पाणी साचता कामा नये. झाड कलमी असेल तर खुंटाचे (ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचे) फुटवे दिसताच मुळापाशी ओढून काढा, नाहीतर वरचं कलम मागे पडतं.

थंडीची काळजी नको. उणे ३५ अंशांतही तो तगतो, पण वसंतात उशिरा पडलेलं दव गोठलं तर उमलते डोळे जळतात. त्यासाठी वनस्पती-पैदासकार इसाबेला प्रेस्टन यांनी ओटावातच तयार केलेल्या जाती चांगल्या, त्या साध्या लायलॅकनंतर फुलतात.

उत्तर ३:
पुण्यात नको. झोपलेले डोळे जागे व्हायला त्याला कित्येक आठवडे सलग थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे गारवा, पण दुपारी २८-३० अंश. पानं येतील, बहर नाही. शिवाय परदेशातून रोप आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, बॅगेतून आणू नका.

त्याऐवजी लॅजरस्ट्रोमिया इंडिका लावा, आपल्या तामणाचं बुटकं भावंड. १६-१८ इंची कुंडी, भरपूर ऊन. ते नव्या फुटीवर फुलतं, म्हणून त्याची छाटणी जानेवारीअखेर बिनधास्त करा. जांभळे तुरे मिळतील, लायलॅकचा वास मात्र नाही.

प्रश्नकर्ती:
म्हणजे तिनं यंदा मार्चमध्ये कात्री लावूच नये?

उत्तर १:
फक्त वाळक्या काड्या काढा. नखानं साल खरवडून आत हिरवं दिसलं तर राहू द्या.