संगणक आपोआप शब्द बदलतो तेव्हा : तुमचे अनुभव आणि सापडलेले उपाय

संगणकावर लिहिताना शब्द आपोआप बदलतात, ही तक्रार इतक्या वेगवेगळ्या रूपांत कानावर येते की एका उत्तराने ती मिटणार नाही. कुणाचा शब्द स्पेस दाबली की पालटतो, कुणाची अवतरणचिन्हे वाकडी होतात, कुणाच्या अगदी बरोबर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो : ऑटोकरेक्ट बंद करा. ते बंद करूनही शब्द बदलतच राहतो, कारण शब्दाला हात लावणारे एकाच संगणकावर तीन-चार जण असतात. कळफलक, विंडोज किंवा मॅक ही मूळ प्रणाली, लिहिण्याचा प्रोग्रॅम आणि ब्राउझर. बदल यांपैकी कोण करतेय ते आधी शोधावे आणि मगच सेटिंगला हात लावावा, असा माझा आग्रह आहे.

मी पहिल्यांदा बदल होताच कंट्रोल-झेड दाबते. वर्डमध्ये त्याने फक्त दुरुस्ती मागे जाते, आपण टंकलेला शब्द जसाच्या तसा परत येतो. तसे झाले की बदल वर्डनेच केला हे नक्की. त्या शब्दावर माउस नेला तर खाली बारीक निळी रेघ दिसते, आणि तिथे क्लिक केल्यावर ही दुरुस्ती यापुढे करू नये असे सांगायची सोय असते. यातले काहीच घडले नाही, तर तोच शब्द नोटपॅडमध्ये टंकून बघायचा. तिथेही बदलला तर कळफलकाकडे वळायचे.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा. प्रोग्रॅम कोणता, कळफलक कोणता आणि बदल नेमका कोणत्या कळीनंतर झाला, एवढे आवर्जून सांगा. 'आपोआप होते' यापलीकडे माहिती नसेल तर दुसऱ्याला मदत करता येत नाही.

अक्षरजुळणी करणारे

आमच्याकडे अजूनही कृतिदेवमधल्या जुन्या फाइली येतात. या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसत असले तरी फाइलीत साठवलेली असतात रोमन अक्षरे. डी म्हणजे क, आणि मोठ्या लिपीतला डी म्हणजे अर्धा क्. आता वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची सेटिंग चालू असेल, तर प्रोग्रॅमला दिसते इंग्रजी आणि तो इमानाने पहिले अक्षर मोठे करतो. 'कमल' चे 'क्मल' होते. प, त, न, ल, स या सगळ्यांची हीच गत, परिच्छेदाच्या पहिल्या अक्षराचा पाय मोडलेला.

त्याहून जास्त छळतात अवतरणचिन्हे. कृतिदेवमध्ये एकेरी सरळ अवतरणचिन्हाच्या कळीवर श् आहे आणि दुहेरीवर ष्. सरळ चिन्हे वाकडी करण्याची सोय चालू असली की श आणि ष च्या जागी भलतीच खूण उमटते. एका मोठ्या हस्तलिखितात सगळे 'श' गेलेले पाहून लेखकाला वाटले होते की फाँटच खराब झाला. फाँट धडधाकट होता.

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असे जा. 'ऑटोकरेक्ट' या टॅबमध्ये वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची टिक काढा, टंकताना शब्द बदलण्याचीही काढा. सरळ-वाकड्या चिन्हांची टिक मात्र तिथे नाही. ती शेजारच्या 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' मध्ये असते आणि बहुतेकांना तीच सापडत नाही. कायमचा उपाय विचाराल तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणणे. तोवर या टिका काढल्याशिवाय जुन्या फाइलीत एक अक्षरही टंकू नये.

अनुवादक

माझा प्रश्न लाल रेघांचा होता. दोन भाषांचा मजकूर एका फाइलीत असतो, आणि मराठी परिच्छेदच्या परिच्छेद लाल व्हायचे. शब्दकोश बसवून पाहिला, फरक पडला नाही. मग कळले की भाषा ही संपूर्ण फाइलीला नसते, मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी चिकटलेली असते. टंकताना जो कळफलक चालू असेल त्याची भाषा लागते, आणि दुसरीकडून चिकटवलेला मजकूर आपली भाषा बरोबर घेऊन येतो.

कर्सर त्या परिच्छेदात ठेवून खालच्या पट्टीवर भाषेचे नाव वाचा. चुकीचे असेल तर मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथून मराठी द्या. त्याच चौकटीत शुद्धलेखन तपासू नये अशी एक टिक असते, तीही पाहून घ्या. कधीकधी ती लागलेली असते आणि मग खऱ्या चुकासुद्धा दिसत नाहीत. हा प्रकार लाल रेघांपेक्षा घातक, कारण पान स्वच्छ दिसते.

संशोधक विद्यार्थिनी

स्पेलिंगचा नाही, पण सख्ख्या भावंडाचा प्रश्न. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये टाकल्या की 'मार्च-१' आणि 'सेप्ट-२' अशा नावांच्या जनुकांच्या तारखा होतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे बिघाड आढळले. शेवटी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नावेच बदलली : 'मार्च-१' चे 'मार्चएफ-१', 'सेप्ट-१' चे 'सेप्टिन-१'. विज्ञानाने नाव बदलले तेव्हा प्रश्न सुटला, हे मला आजही अस्वस्थ करते. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हे रूपांतर बंद करायची सोय आली. फाइल, ऑप्शन्स, डेटा, ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन. जुन्या आवृत्तीत रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मग माहिती भरायची. तारीख होऊन गेल्यावर 'टेक्स्ट' केले तर मूळ नाव परत येत नाही.

मॅक वापरणारा

थोडक्यात लिहितो. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, टेक्स्ट इनपुट, एडिट. स्पेलिंग आपोआप सुधारणे, मोठे अक्षर करणे, दोनदा स्पेस दिल्यावर पूर्णविराम आणि वाकडी अवतरणचिन्हे, चारही इथे आहेत. इथे बंद करूनही एखाद्या प्रोग्रॅममध्ये बदल होत राहिला तर त्या प्रोग्रॅमचा एडिट मेनू उघडून 'स्पेलिंग अँड ग्रामर' खाली पाहा. काही प्रोग्रॅम आपली निवड वेगळी जपून ठेवतात.

मुद्रितशोधक

अनुवादकांना पुस्ती जोडते. भाषा बरोबर, शब्दकोश बरोबर, तरीही 'ॲप' सारख्या शब्दाखाली रेघ येते. कारण 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. युनिकोडच्या २००८ मधल्या ५.१ आवृत्तीपासून तो एकसंध अक्षर म्हणून आहे, पण 'अ' वर चंद्र देऊनही तो उमटतो. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. 'दऱ्या' मधल्या 'ऱ्य' चेही तसेच. एक रूप 'ऱ' या स्वतंत्र अक्षराचे आणि दुसरे साध्या 'र' पुढे अदृश्य जोडचिन्ह घातलेले.

वर्डमध्ये 'ॲ' च्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. ०९७२ आले तर एकसंध अक्षर, ०९४५ आले तर चंद्र वेगळा. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबले की अक्षर परत येते. आपण स्वतः ऑटोकरेक्टच्या यादीत घातलेला शब्द बदलत नसेल तेव्हाही हीच तपासणी करा. यादीत एक रूप आणि टंकताना दुसरे, असे असेल तर जुळणी होणारच नाही.

सामाईक संगणकावर आणखी एक बघा. कुणीतरी आधी 'ॲड टु डिक्शनरी' म्हणून अशुद्ध शब्द कोशात घातलेला असू शकतो. त्याखाली रेघ कधीच येत नाही. प्रूफिंगमध्ये 'कस्टम डिक्शनरीज' उघडून यादी वाचा आणि नको ते काढा. नव्या जागी काम सुरू करताना मी हे सर्वात आधी करते.

शिक्षक

धागा सुरू करणाऱ्या ताईंनी नोटपॅडची चाचणी सांगितली आहे. त्यात एक सावधगिरी हवी. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये २०२४ पासून स्वतःचे स्पेलचेक आणि ऑटोकरेक्ट आले आहे. चाचणीआधी नोटपॅडच्या सेटिंग्जमध्ये ते बंद करा, नाहीतर नसलेला दोष कळफलकावर येईल.

मी संगणक शिकवतो. मुलांनी टिपणातून उचललेली आज्ञा चालत नाही, कारण टिपण लिहिताना दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ झालेली असते. आज्ञा आणि प्रोग्रॅम साध्या संपादकात लिहून ठेवा. वर्डमधून चिकटवू नका.

(धागा सुरू करणारी)

बरे केलेत सर, ही गोष्ट मूळ पद्धतीतच जोडायला हवी. फोनेटिक कळफलक वापरणाऱ्यांसाठी एक : तिथे रोमनमध्ये टंकले की पर्यायांची यादी येते आणि स्पेस दाबली की पहिला पर्याय बसतो. तो ऑटोकरेक्टने केलेला बदल नव्हे, त्यामुळे वर्डमध्ये कितीही टिका काढल्या तरी थांबणार नाही. यादीतून हवा तो शब्द निवडणे किंवा इन्स्क्रिप्टकडे, म्हणजे मराठी अक्षरांना ठरलेल्या कळी असलेल्या कळफलकाकडे, वळणे, हेच मार्ग.

वैद्यकीय अहवाल लिहिणारी

सगळे बंद करायच्या गोष्टी बोलत आहेत, म्हणून लिहिते. माझी बोटे दुखतात आणि ऑटोकरेक्टची यादी हा माझा आधार आहे. लांबलचक शब्दांची दोन-तीन अक्षरी रूपे यादीत घातली आहेत. एके दिवशी ती सगळी नाहीशी झालेली दिसली. खरे तर ती होती तिथेच होती. वर्डमध्ये यादी भाषेगणिक वेगळी असते, आणि चौकटीच्या शीर्षकात भाषेचे नाव लिहिलेले असते. मजकुराची भाषा बदलली की यादी बदलते. त्या भाषेच्या मजकुरात कर्सर ठेवून चौकट पुन्हा उघडली की नोंदी दिसतात. या याद्या एसीएल प्रकारच्या फाइलींत साठतात. संगणक बदलण्याआधी त्यांची प्रत काढून ठेवा, ही कळकळीची विनंती.

लिबरऑफिस वापरणारा

इथे मराठीची भाषा 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या खान्यात ठरते, पाश्चात्त्य भाषांच्या खान्यात नाही. ओळ संपवायला एंटर दाबला की शब्दच पुरा होतो, असे होत असेल तर ऑटोकरेक्ट ऑप्शन्समधला 'वर्ड कंप्लीशन' टॅब पाहा. सुचवलेला शब्द स्वीकारायची कळ तिथे एंटर असते, ती बदलता येते.

नवीन सदस्य

वर्डमध्ये सर्व टिका काढल्या, तरी आउटलुकमध्ये ईमेल लिहिताना शब्द बदलतो. आणि ब्राउझरमध्येही रेघा येतात. काय करावे?

(धागा सुरू करणारी)

आउटलुकची सेटिंग स्वतंत्र आहे. फाइल, ऑप्शन्स, मेल, आणि तिथले स्पेलिंग अँड ऑटोकरेक्टचे बटण. ब्राउझरच्या रेघा ब्राउझरच्याच. फायरफॉक्समध्ये लिहिण्याच्या चौकटीवर उजवी क्लिक करून भाषा निवडा किंवा तपासणी बंद करा. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या लँग्वेजेसखाली पाहा. तिथे 'एन्हान्स्ड' तपासणी चालू असेल तर टंकलेला मजकूर तपासायला बाहेर पाठवला जातो. खासगी पत्रव्यवहार असेल तर 'बेसिक' ठेवा. एवढे करून पाहा आणि शब्द तरीही बदलला तर कोणत्या कळीनंतर बदलला ते इथे लिहा.