ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याचं) निदान झालंय: उपचार नेमके कोणाच्या हाती सोपवावेत?

आईचं वय ६७. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारी) कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती, ते सांगणारा आकडा) उणे २.३ आणि खुब्याच्या हाडाच्या मानेचा उणे २.९ आलाय. दोन वर्षांपूर्वी घरातल्या घरात पाय घसरून मनगट मोडलं होतं. उंची तरुणपणापेक्षा जवळजवळ ४ सेंटिमीटर कमी भरते. थायरॉइडची गोळी रोज सकाळी चालू आहे, ॲसिडिटीची गोळीही बरीच वर्षं चालू आहे. मनगटावर उपचार करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटची आठवड्याला एक गोळी लिहून दिली आहे, ती अजून सुरू केलेली नाही.

कोणी हॉर्मोनतज्ज्ञांकडे जा म्हणतं, कोणी संधिवाततज्ज्ञांकडे, तर कोणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. मुख्य डॉक्टर कोण असावेत आणि ते या आजारातले जाणकार आहेत हे पहिल्या भेटीत कसं ओळखायचं? एक दाढ काढायची आहे, ती आधी काढावी की नंतर? फिजिओथेरपिस्ट निवडताना काय पाहावं?

प्रतिसाद १

हा आजार कोणा एका शाखेच्या मालकीचा नाही, म्हणून तुम्हाला चार जण चार दिशा दाखवताहेत. मोडलेलं हाड जोडणं आणि पुढचं हाड मोडू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं अस्थिरोगतज्ज्ञांचं. दुसरं करणारे डॉक्टर कोणत्याही शाखेचे चालतील, पण ते एकच असावेत आणि पुढची दहा वर्षं हा रुग्ण माझा आहे असं मानणारे असावेत. औषध एकाचं, तपासण्या दुसऱ्याच्या आणि पुढे काय ते कोणालाच माहीत नाही, अशा व्यवस्थेत हाडं मोडतात.

तरी शाखा ठरवायला काही खुणा आहेत. थायरॉइड, पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथी), मधुमेह किंवा रक्तातलं कॅल्शियम वर-खाली असेल तर हॉर्मोनतज्ज्ञ. सांधे सुजत असतील किंवा स्टेरॉइड तीन महिन्यांहून जास्त चालू असेल तर संधिवाततज्ज्ञ. पाळी लवकर गेली असेल आणि ती जाऊन फार वर्षं झाली नसतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलं असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणतंच औषध नको. तुमच्या वर्णनावरून हॉर्मोनतज्ज्ञ योग्य वाटतात, कारण थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली आणि टीएसएच (रक्तातला थायरॉइडच्या तपासणीचा आकडा) फार खाली गेलं, तर त्यानेच हाडं झिजतात. आधी तो आकडा बघा.

पहिल्या भेटीत डॉक्टर काय विचारतात त्याकडे लक्ष द्या. कारण शोधणारा डॉक्टर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, टीएसएच आणि रक्ताची साधी तपासणी तरी बघतोच, आणि शंका आली तर पॅराथायरॉइड हॉर्मोनही. वजन कमी होत असेल किंवा हिमोग्लोबिन विनाकारण कमी असेल, तर मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) आणि सीलियाक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) नाहीत याची खात्री करतो. आईची उंची टाचा, पाठ आणि डोकं भिंतीच्या पट्टीला टेकवून मोजली जाते का, तेही पाहा. ४ सेंटिमीटर उंची घटलेली ऐकूनही जो पाठीचा बाजूने एक्स-रे सांगत नाही, त्याच्याबाबत मी सावध राहीन. मणका दबला तरी अनेकदा दुखत नाही. तसा दबलेला मणका सापडला, तर औषधाची निवडच बदलू शकते.

आणि एक प्रश्न तुम्ही थेट विचारा: "हे औषध किती वर्षं द्यायचं आणि ते थांबवल्यावर पुढे काय?" याचं नीट उत्तर मिळालं, तर डॉक्टर बरोबर सापडले असं समजा.

प्रतिसाद २

डेक्सा केंद्राची निवडही डॉक्टरांच्या निवडीइतकीच जपून करावी. टाचेवर किंवा मनगटावर पटकन करून देतात ती अल्ट्रासाउंड चाचणी निदानालाही पुरेशी नाही आणि उपचाराचा परिणाम मोजायलाही नाही. खुबा आणि कमरेचे मणके दोन्ही मोजणारं केंद्र हवं.

तुमच्या रिपोर्टमधले दोन आकडे वेगळे का, तेही सांगतो. निदान सर्वांत कमी आकड्यावरून होतं, त्यामुळे उणे २.५ किंवा त्याखालचा एक आकडा पुरेसा आहे. या वयात मणक्यांच्या कडांना हाड वाढलेलं असतं, शिवाय दबलेला मणकाही यंत्राला जास्त दाट दिसतो, म्हणून उणे २.३ कदाचित खोटा दिलासा असेल. छापील आकड्यावर थांबू नका, प्रतिमा मागून घ्या. एल १ ते एल ४ (कमरेचे वरचे चार मणके) पैकी एखाद्या मणक्याचा टी-स्कोअर शेजारच्यापेक्षा १ हून जास्त फरकाने वेगळा असेल, तर तो वगळून हिशोब करायला हवा.

पुढची तपासणी त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा. वेगळ्या कंपनीच्या यंत्रावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तुलना टी-स्कोअरची नाही, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर या घनतेची करायची. केंद्राला विचारा, "तुमची किमान अर्थपूर्ण बदलाची मर्यादा किती?" मणक्यांसाठी ती ५.३ टक्के आणि पूर्ण खुब्यासाठी ५ टक्के यांच्या आतच असावी. त्याहून छोटा फरक म्हणजे यंत्राची आणि तपासणीच्या वेळी झोपण्याच्या पद्धतीची चूकही असू शकते. २ टक्के घट दिसली म्हणून औषध बदलणं हे या आजारात नेहमी होणारं नुकसान आहे.

मूळ प्रश्नकर्ते

मनापासून आभार. एका डॉक्टरांनी गोळीऐवजी दर सहा महिन्यांच्या इंजेक्शनचा पर्याय सुचवलाय. गोळीचे नियम आईला जमतील का, हीच शंका आहे.

प्रतिसाद ३

ते इंजेक्शन डेनोसुमॅब असावं, ६० मिलिग्रॅम, त्वचेखाली. औषध चांगलं आहे, पण ते देणारी जागा तितकीच भरवशाची लागते. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतर झपाट्याने उतरतो. डोस महिनाभराहून जास्त लांबला किंवा मध्येच बंद केला, तर हाडांची झीज उसळते आणि एकाच वेळी अनेक मणके दबल्याचे रुग्ण दिसतात. म्हणून पुढची तारीख लिहून देणारा, ती चुकली तर फोन करणारा आणि थांबवायचं झालंच तर त्यामागे झोलेड्रोनिक ॲसिडसारखं (अलेंड्रोनेटच्याच गटातलं, शिरेतून देण्याचं) औषध देणारा दवाखाना हवा. अलेंड्रोनेटला पाच वर्षांनी, जोखीम कमी असेल तर, सुट्टी देता येते. डेनोसुमॅबला अशी सुट्टी नाही.

गोळीचे नियम तसे अवघड नाहीत, पण तुमच्या आईच्या बाबतीत एक अडचण आहे. थायरॉइडची गोळी आणि अलेंड्रोनेट दोन्हीही उपाशीपोटीच घ्यायच्या आहेत. त्या सकाळी आधी अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, भरलेल्या पेल्याएवढ्या साध्या पाण्यासोबत. चहा, दूध किंवा जास्त क्षारांचं पाणी चालत नाही. मग किमान ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. त्यानंतर थायरॉइडची गोळी, आणि पुन्हा अर्धा ते एक तास थांबून नाश्ता. हे झेपत नसेल तर थायरॉइडची गोळी रात्री, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी घेता येते, फक्त डॉक्टरांना विचारून. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवा. ॲसिडिटीच्या गोळीवर असलेल्यांना कॅल्शियम कार्बोनेट नीट पचत नाही, त्यांच्यासाठी कॅल्शियम सायट्रेट बरं. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमहून जास्त घेऊन उपयोग नाही. आणि ॲसिडिटीची गोळी अजून लागतेच का, हेही त्याच भेटीत विचारा, कारण ती वर्षानुवर्षं घेतल्याने फ्रॅक्चरची जोखीम वाढल्याचं दिसतं.

गिळायला त्रास होत असेल, अन्ननलिकेत अडथळा असेल, अर्धा तास ताठ बसणं जमत नसेल किंवा क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारा आकडा) ३५ च्या खाली असेल, तर अलेंड्रोनेटची गोळी नको. वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, हा पर्याय पोटाला सोपा आहे, मात्र मूत्रपिंडाची अट तीच. ते १५ मिनिटांपेक्षा घाईने देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व ठीक आहे हे बघतात का तेही विचारा, नाहीतर नंतर कॅल्शियम एकदम घसरू शकतं. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी बऱ्याच जणांना होते, ती ॲलर्जी नव्हे.

प्रतिसाद ४

दाढेचं: औषध अजून सुरू नाही, तर आधीच काढून घ्या आणि हिरडी भरून आल्यावर सुरू करा. मात्र दंतवैद्यांच्या तारखांमुळे उपचार महिनोन्महिने लांबवू नका. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये जबड्याचं हाड मरण्याचा धोका फार कमी आहे. कर्करोगात हीच औषधं बऱ्याच जास्त प्रमाणात देतात, भीती मुख्यतः तिथून आलेली. "या गोळ्यांवर आहात, मी दात काढणारच नाही" म्हणणाऱ्या दंतवैद्याऐवजी मुख्य डॉक्टरांशी बोलून ठरवणारा बघा.

फिजिओथेरपिस्टला फोनवरच एक प्रश्न विचारा: "मणका दबलेला असू शकतो, तर कोणते व्यायाम टाळाल?" पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं, पोटाचे क्रंचेस, वाकलेल्या पाठीने वजन उचलणं आणि कंबर झटक्याने पिळणं, ही उत्तरं यायला हवीत. पाठीवर जोर देऊन कटकन आवाज काढणाऱ्याकडे तर नकोच. पहिल्या भेटीत ते खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला लावतील, एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं ते मोजतील, मग पाठ सरळ करणाऱ्या स्नायूंचं काम, पायांची ताकद आणि तोल हे हळूहळू वाढवतील. फक्त गरम शेक आणि यंत्रं लावून घरी पाठवत असतील, तर दुसरीकडे जा. मनगट पडल्यामुळेच मोडलं होतं, त्यामुळे तोल सावरण्याचा भाग वगळून चालणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, डेक्साची प्रतिमा, मनगटाचा जुना एक्स-रे आणि आईची जुनी उंची लिहिलेला एखादा कागद घेऊन जा. आईच्या आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, हेही आठवून ठेवा. फ्रॅक्स या, हाड मोडण्याची जोखीम काढणाऱ्या गणितात तो प्रश्न येतोच.