मदत हवी आहे: बारावीला 52 टक्के, बी.ऑप्टमला (ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या पदवीला) प्रवेश आणि कर्ज

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. भाचीला बारावीला बायोलॉजी ग्रुपमध्ये एकूण 52 टक्के पडलेत. फिजिक्सनं घात केला. तिला ऑप्टोमेट्रीच करायचीय. ओळखीच्या चष्म्याच्या दुकानात बसून लेन्सोमीटरवर जुन्या चष्म्याचा नंबर काढायला शिकलीये, हात छान बसलाय.

एवढ्या टक्क्यांवर इंदूर-भोपाळला किंवा महाराष्ट्रात कुणाला प्रवेश मिळालाय का? एक एजंट ‘डोनेशन द्या, सीट पक्की’ म्हणतोय. मला काही तो माणूस पटत नाही.

दुसरं, शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ते कोर्सनंतर वर्षभराने सुरू होतात, इथपर्यंत ठाऊक आहे. पण व्याज तोवर चढतंच ना? तुम्ही ते शिकतानाच भरत गेलात का? आणि सुरुवातीच्या पगारात हप्ता निघतो का, अगदी खरं सांगा. ताईची एकटीची कमाई आहे.