मदत हवी आहे: जुनं जपानी छोटं वॉशिंग मशीन, मोटर हात लावू देत नाही

नमस्कार मंडळी,

मला जुनी छोटी वॉशिंग मशिनं जमवायचा नाद आहे. छोटी म्हणजे बादलीपेक्षा जरा मोठी. चाकांवरून मोरीपर्यंत ढकलत न्यायची, नळाला रबरी पाइप लावायचा आणि काम झालं की पुसून पलंगाच्या पायथ्याशी उभी करायची. सध्या घरात तीन आहेत. बायकोच्या हिशेबाने चार, कारण काम न करता जागा अडवणाऱ्यांत ती मलाही धरते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांना आणि दिव्यांना काचेचं कपाट मिळतं, मग धुण्याच्या यंत्राच्या नशिबी भंगारवालाच का, हा माझा जुना प्रश्न. पण मला ती कपाटात ठेवायची नाहीत, त्यात कपडे धुवायचे आहेत. अडचण तिथेच सुरू होते.

तिसरं मशीन मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी मिळालं. विकणारा म्हणाला, कॅम्पातला एक बंगला रिकामा होताना निघालं, घरचे लोक पूर्वी जपानात कोबेला व्यापाराला होते. दोन हजार सांगितले, अकराशेला दिलं. वर 'चालू कंडिशन आहे साहेब' हेही ऐकवलं. तपासायला तिथे प्लग नव्हता, हे सोडा.

फिकट हिरवं अंग, पंधरा मिनिटांचा चावीचा टायमर, तळाशी फिरणारी चकती आणि वरच्या कडेला हाताने फिरवायचा पिळणीचा रूळ, दोन रबरी रोलरचा. कंपनीचं नाव खरवडलेलं. पाटीवर १०० व्होल्ट, ६० सी/एस, १३० वॉट एवढंच वाचता येतं, बाकी जपानी. प्लग दोन पिनांचा आणि त्याच्या बाजूला एक हिरवी वायर नुसतीच लोंबकळते.

भोसरीच्या भंगारातून एका जुन्या पॅनलमधला २३० ते ११० चा ट्रान्सफॉर्मर आणला, ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची ताकद). मीटरवर ११६ व्होल्ट दिसतात. मशीन सुरू होतं, पण चकती आळसावल्यासारखी फिरते, मोटर घूं घूं करते आणि आठ मिनिटांत इतकी तापते की हात टेकवत नाही. कपडे, पाणी काहीही नसतानासुद्धा! कपॅसिटर बदलून पाहिला, फरक शून्य. दुरुस्तीच्या एका दुकानात नेलं, तर न उघडताच सांगितलं, 'वाइंडिंग गेलंय, भंगारात द्या, दहा हजारांत नवीन येतं.'

त्यात खालून पाणी ठिबकतं, टायमर पाचाच्या आकड्यावर अडतो आणि टिचकी मारल्याशिवाय पुढे जात नाही. रोलर एका बाजूने चपटे झालेत.

खरंच वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, गेलंय का? शक्य तो मूळ वाइंडिंग ठेवायचं आहे. रिवाइंड केलं, सील बदललं, रोलर बदलले, तर मग जपानी काय उरलं, हिरवा रंग?

कोरडी_दोरी:
दहा हजारांतलं नवीन घ्या आणि याच्यात तुळस लावा.

कोरडी_दोरी:
बरं, चेष्टा पुरे. ती लोंबकळणारी हिरवी वायर अर्थिंगची आहे. जपानी मशिनांत ती प्लगमध्ये नसते, वेगळी स्क्रूखाली लावायची असते. ती तशीच सोडून ओल्या मोरीत अनवाणी उभं राहत असाल तर आधी ते थांबवा, बाकी प्रश्न नंतर.

भोसरीकर:
वाइंडिंग गेलेलं नाही. निदान तुम्ही सांगता त्यावरून तरी नाही. तुमचा गुन्हेगार ट्रान्सफॉर्मर आहे, आणि पाटी तुम्ही अर्धीच वाचलीत.

जपानमध्ये वीज १०० व्होल्ट सगळीकडे, पण वारंवारता (वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते ते, पाटीवरचं सी/एस) दोन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोक्योने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. म्हणून पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०, आजतागायत. कोबे ओसाकाच्या बाजूला. तुमचं मशीन ६० चं आहे आणि आपल्याकडे ५०.

आता गंमत बघा. मोटरच्या लोखंडातलं चुंबकत्व व्होल्टला वारंवारतेने भागून ठरतं. पाटीप्रमाणे १०० भागिले ६०, म्हणजे १.६७. तुम्ही देताय ११६ भागिले ५०, म्हणजे २.३२. जवळजवळ चाळीस टक्के जास्त. लोखंड तेवढं पेलू शकत नाही, ते भरून जातं. मग करंट भसाभसा ओढला जातो आणि कपडे असोत नसोत, मोटर तापते. रिकामी असतानाही तापते, ही तुमची ओळच सगळं सांगते. घूं घूं त्याचीच.

तिला ८३ ते ८५ व्होल्ट द्या. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याकडे २३० ते ८५ असा सांगून करून घ्या, ५०० व्हीएचाच, सुरू होतानाचा करंट झेपायला हवा. ऑटोट्रान्सफॉर्मर नको, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचाच हवा. तो मोरीबाहेर, उंचावर, कोरड्या जागी.

कपॅसिटर मूळ होता तेवढ्याच मायक्रोफॅरडचा ठेवा. व्होल्टेज रेटिंग जास्त चालेल. जुना टाकला नसेल तर तो फोडून बघायचा मोह आवरा. जपानमध्ये १९७२पर्यंत कपॅसिटरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असायचं, ते हाताला लागू देण्यासारखं नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
भोसरीकर, डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे ११० जवळ आहे म्हणून १०० ला चालेल असं समजलो, तिथेच चुकलो. चकती हळू फिरते त्याचं काय? मोटरची पुली मोठी करून वेग परत आणता येईल ना?

भोसरीकर:
येईल, पण करू नका. चार पोलची (चार चुंबकी ध्रुवांची) मोटर असेल तर ६० वर मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या आसपास, ५० वर १५०० च्या आसपास. एक षष्ठांश वेग कमी झाला तेवढाच. पुली मोठी केलीत तर चकती पूर्वीच्या वेगाने फिरेल, पण ती फिरवायला मोटरला जास्त जोर लावावा लागेल आणि तुम्ही पुन्हा तापण्यावर याल. सहा मिनिटांऐवजी आठ मिनिटं धुवा. घाई कुणाला आहे?

आणि घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचंच बघतो, पलीकडे गळती झाली तर त्याला पत्ता लागत नाही. मशीनच्या अंगाला पक्कं अर्थिंग हवं, आणि ट्रान्सफॉर्मरनंतरचं संरक्षण जाणत्या वायरमनकडून करून घ्या. पहिल्यांदा सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग आणि मशीनचं अंग यांच्यामधला रोध बघा. एक मेगोहमच्या खाली असेल तर उन्हात दोन दिवस सुकवा आणि पुन्हा बघा.

आजीची_धोपटणी:
पाटीवर हर्ट्झ नाही, सी/एस आहे, म्हणजे सायकल प्रति सेकंद. हर्ट्झ हे एकक १९६० साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलं, लोकांच्या तोंडात बसायला आणखी काही वर्षं गेली. तेव्हा तुमचं मशीन साठच्या दशकातलं असावं. त्याहून जुनं वाटत नाही, कारण चकती तळाशी आहे. आधीची चकती बाजूच्या भिंतीत असायची. ब्रिटनमध्ये हूवरने १९४८ साली तसं छोटं मशीन आणलं, वर हाताचा पिळणीचा रूळ. १९५३ साली सान्योने जपानमध्ये त्याच धर्तीचं २८,५०० येनला काढलं. पुढे टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांना तिकडे 'तीन दिव्य वस्तू' म्हणू लागले. आपल्याकडे तेव्हा धोपटणं आणि दगड. माझ्या आजीला यातलं एक जरी दाखवलं असतं, तरी तिने आधी त्यात धान्य भरलं असतं.

रोलर चपटे झालेत कारण वरचा दाब आवळूनच कुणीतरी वर्षानुवर्षं ठेवून दिलं. वापरून झाल्यावर स्क्रू पूर्ण सैल करायचा असतो. छापखान्यांचे रबरी रोलर नव्याने भरून देणारे असतात, लोखंडी दांडा तोच ठेवून रबर चढवून देतात. मऊ रबर सांगा. आणि शर्ट रोलरमध्ये घालताना बटणं आतल्या बाजूला दुमडा, नाहीतर पिळणी त्यांना फुटाण्यासारखी उडवते. स्वानुभव.

नाना_पेठ_रिटर्न:
गळतीबद्दल. चकतीच्या दांड्याभोवतीचं ऑइल सील (पाणी अडवणारं रबरी कडं) काढा, त्यावर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आकडे पुसले असतील तर व्हर्नियरने मोजा. नाना पेठेत ऑइल सीलच्या दुकानात मशीनचं नाव सांगत बसू नका, मापं सांगा. वॉशिंग मशीनचं म्हटलंत की 'नाही' येतं, मापं सांगितलीत की डबा खाली येतो.

पण सील बसवण्याआधी दांड्यावर नख फिरवा. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवीन सीलही गळणार. ते मिलिमीटरभर पुढे-मागे बसवायचं, म्हणजे त्याची धार कोऱ्या जागी येते.

मूळ प्रश्नकर्ता:
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

तपकीर गल्लीत विचारत विचारत एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे काका सापडले. ८५ व्होल्ट म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, 'असा कोणी मागत नाही हो'. पण चार दिवसांत करून दिला. भाराखाली ८४ दाखवतो. मेगरला सुरुवातीला अर्धा मेगोहम आला, गच्चीत तीन दिवस ठेवल्यावर चारच्या वर गेला. पंधरा मिनिटं सलग चालवलं, मोटर कोमट. घूं घूं गायब, आणि मूळ वाइंडिंग शाबूत. दुकानात पुन्हा जाऊन दाखवावंसं वाटलं, बायकोने अडवलं.

सील पहिल्यांदा बसवलं ते गळलंच. खाच होती. नाना_पेठ_रिटर्न, तुमचं वाचूनही मी नख फिरवलं नव्हतं. दुसऱ्यांदा खाली वॉशर घालून मिलिमीटरभर उचललं, आता थेंब नाही. रोलर भरायला दिलेत.

रोज दोन शर्ट आणि टेबलावरचे नॅपकिन त्यात धुतो. चकती एकाच दिशेने फिरते, त्यामुळे बाह्यांची वेणी होते, ती सोडवण्यात दोन मिनिटं जातात. आमच्याकडे पालिकेचं पाणी असलं की साबण नीट फेसाळतो, टँकरचं जड पाणी आलं की त्याच साबणात कपडे कडक होतात. त्या दिवशी मशीनला सुटी.

टायमर मात्र उघडला आणि स्प्रिंग बाहेर उडाली. ती परत बसवली, पण आता पाचावर नाही, थेट आठावर अडतो. तात्पुरता स्वयंपाकघरातला गजर लावून प्लग काढतो. कुणाच्या माळ्यावर जुन्या मशीनचा चावीचा पंधरा मिनिटांचा टायमर पडला असेल, मोडका असला तरी, तर कृपया सांगा. दांडा सहा मिलिमीटरचा, एका बाजूने सपाट.