मदत हवी आहे: सोऱ्या पितळी घ्यावा की स्टीलचा?

नमस्कार मंडळी. दिवाळी तोंडावर आलीय आणि आमच्या ॲल्युमिनियमच्या सोऱ्याचे आटे तिसऱ्याच वर्षी झिजले. गेल्या खेपेला चकलीचं पीठ खालून कमी, वरूनच जास्त यायला लागलं! आईचा पितळी सोऱ्या ४० वर्षं झाली तरी ठणठणीत आहे, पण तो थोरल्या भावाकडं गेला. (मागायची सोय नाही.) आता एकदाच काय ते घ्यायचंय. स्टीलचा हलका, चिंच लावून घासत बसायला नको. पण त्याचे आटे टिकतात का? पितळीला आतून कल्हई लागते का? कोल्हापुरात महाद्वार रोडला जाऊ की लक्ष्मीपुरीत? जाड पितळेचा वजनावर देतात की नगावर? आमच्याकडं चकली दाबायचं काम माझ्याकडंच असतं, तेवढं धरून सांगा.