अपग्रेडच्या वेळी एनजिनएक्सची संरचना-फाइल: जुनी ठेवावी की नवी घ्यावी?

प्रश्न (म्हापसा): आमच्या वाचनालयाच्या सर्व्हरवर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ११ वरून १२ वर जाताना डीपीकेजीने (सॉफ्टवेअरची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) मध्येच थांबून एनजिनएक्स या वेब-सर्व्हरच्या मुख्य संरचना-फाइलविषयी, जुनी ठेवायची की नवी घ्यायची, असे विचारले. ती मी पूर्वी हाताने बदललेली आहे. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने काम अर्धवट ठेवणेही धोक्याचे वाटते. काय उत्तर द्यावे?

उत्तर (फोंडा): फाइल आपण बदललेली असेल आणि पॅकेजकर्त्यानेही बदलली असेल, तेव्हाच हा प्रश्न येतो. आधी ‘डी’ दाबून फरक वाचावा. नुसते एंटर दाबल्यास जुनी फाइल राहते आणि नवी ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटीसह शेजारी ठेवली जाते. नवी स्वीकारल्यास जुनी ‘डीपीकेजी-ओल्ड’ होते, म्हणजे काहीच हरवत नाही. माझ्या मते स्वतःचे बदल मुख्य फाइलमध्ये करूच नयेत, ते ‘कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवावेत.

उत्तर (मडगाव): एक भर घालतो. डेबियनमध्ये पॅकेज बसताच डेमन (पार्श्वभूमीत चालणारा सेवा-प्रोग्राम) सहसा लगेच सुरू होतो, आणि पुष्कळांची फजिती इथेच होते. तो रोखायचा असेल तर ‘यूएसआर/एसबिन’मध्ये ‘पॉलिसी-आरसी.डी’ नावाची, १०१ हा संकेतांक परत करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवावी, तिला चालवण्याची परवानगी द्यावी आणि काम झाल्यावर ती आठवणीने काढावी.

प्रश्नकर्ता: फरक वाचून जुनी फाइल ठेवली, ‘एनजिनएक्स -टी’ या आदेशाने तपासली, मगच सेवा पुन्हा सुरू केली. देव बरे करो!