फ्रीकॅडमध्ये जोडभिंगाचा सांधा कसा मांडायचा?

मदत हवी आहे. फ्रीकॅड या त्रिमितीय आराखड्यांच्या प्रोग्रामच्या ऑप्टिक्स वर्कबेंचमध्ये (प्रकाशकिरणांचा मार्ग काढणारं जोडसाधन) एकेरी भिंग जमलं: एका बाजूने सपाट, बीके-७ काच, त्रिज्या ५१.५, व्यास २५, मध्यजाडी ४ मिमी, अपवर्तनांक १.५१६८. फुगीर बाजू समांतर किरणांकडे केली की मधले किरण सपाट बाजूपासून ९७ मिमीवर जुळतात, कडेचे ९५.३ वर. हातच्या गणिताशी बरोब्बर. (भिंग उलटं बसलं तर कडेचे किरण फुगीर माथ्यापासून ९२.७ वरच येतात, त्यामुळे चूक लगेच कळते.)

अडलंय जोडभिंगात, म्हणजे सिमेंटने (पारदर्शक गोंदाने) एकमेकांना चिकटवलेल्या दोन भिंगांत. दोन सॉलिडचे (भिंगांच्या घन आकारांचे) पृष्ठभाग तंतोतंत टेकवले की काही किरण सांध्यावरच भरकटतात. ०.०१ मिमी फट ठेवली तर प्रोग्राम तिथे हवा आहे असं धरतो. मग सांध्याच्या लंबाशी ४१ अंशांहून जास्त कोन करून येणारे किरण काचेतच परततात. फटीत सिमेंटच्या अपवर्तनांकाचं तिसरं सॉलिड घातलं, तर टेकण्याच्या जागा उलट एकाऐवजी दोन होतात. तुम्ही काय करता?